उंबऱ्यावरची ओटी

१

दार उघडलं आणि सारजा उंबऱ्यातच थिजली.

बाहेरच्या फरशीवर, धुतलेल्या पांढऱ्या फडक्यावर, कोणीतरी ओटी मांडून ठेवली होती. हिरवा खण, शेंडीचा नारळ, हळकुंड, सुपारी, पसाभर तांदूळ. उंबऱ्यावर लाल ठिपका होता. तो तिला आधी रक्ताचाच वाटला. वाकून पाहिलं तेव्हा कळलं की कुंकू आहे, शेजारी हळदीचंही बोट ओढलेलं आहे.

मार्चमधली सकाळ होती, साडेसहाची. पुंडलिकनगरात चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. घरोघरच्या मोटारी घरघरत होत्या आणि बायका पाण्याच्या पाळीवरून भांडत होत्या. सगळं जग आपापल्या जागी होतं. सारजाच्या काळजाचं मात्र पाणी पाणी झालं. ती धडपडत मागं सरली, दार लावलं, कडी घातली, वरची खिट्टी घातली. तेवढ्यानं भागेना म्हणून लोखंडी पेटी दाराला रेटली आणि स्वतःच तिच्यावर बसली.

भ्यायचं कारणही तसंच होतं. या खोलीत सारजा राहते हे एवढ्या मोठ्या शहरात फक्त मनकर्णाबाईंना ठाऊक होतं. घरमालकीण साळूबाईसुद्धा तिला दवाखान्यात काम करणारी मंदा म्हणून ओळखत होत्या. मग सारजाची ओटी भरायला आलं कोण?

उत्तर तिच्या मनात तयारच होतं. थोरले भावजी. काकासाहेब.

तिचं सासर बिडकीनच्या पलीकडं. घर मोठं, पन्नास एकर ओलिताची जमीन, दारात दोन जीपा. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होता, आठवडाभर बजाजनगरात खोली करून राहायचा. तो घरी असला की मारायचा. नसला की त्याचा थोरला भाऊ, काकासाहेब, तिच्या खोलीची कडी वाजवायचा. एकदा तिनं कडी काढली नाही, तर दुसऱ्या दिवशी त्यानं तिला माडीच्या जिन्यावरून ढकललं. डावा पाय मोडला तो कायमचा दोन बोटं आखूड झाला. गावात सांगितलं, सूनबाई पाय घसरून पडली. गावानं मान डोलावली. मोठ्या घरचा जिना, घसरणारच.

चार महिन्यांपूर्वी ती अंगावरच्या लुगड्यानिशी पळाली होती. आणि परवा तिनं आयुष्यातलं सगळ्यात धाडसाचं काम केलं होतं. देशभर कायदे बदलायची लगबग चालली होती. घरातली मारहाण आणि बायकांवरचे अत्याचार यांचे कायदे कसे सुधारावेत, हे ठरवायला सरकारनं एक समिती नेमली होती. ती समिती शहरात तीन दिवस बायकांच्या जबान्या घेत होती. सारजानं पडद्याआड बसून जबानी दिली. नाव नाही, गाव नाही, नुसती ‘साक्षीदार क्रमांक सात’. नवऱ्याखेरीज घरातल्या दुसऱ्या पुरुषानं हात टाकला तर बाईनं जायचं कुठं, तेवढं कायद्यात लिहा, एवढंच तिचं मागणं होतं. आज समितीचा शेवटचा दिवस. टंकलेल्या जबानीवर पाच वाजेपर्यंत सही केली तर ती अहवालात जाणार, नाही तर कचऱ्यात.

सारजानं मनकर्णाबाईंना फोन लावला.

“दार उघडू नको,” पलीकडून आवाज आला. “मुकुंदवाडीहून निघते. वीस मिनिटं.”

पाच मिनिटंही झाली नसतील, तोच दारावर थाप पडली.

२

“मंदा! अगं ए मंदा! हे काय मांडलंय तुझ्या दारात?”

साळूबाई होत्या. सारजा पेटीवरून उठली नाही. ती आतूनच म्हणाली, “मला न्हाई ठावं मावशी.”

“पहाटे फाटक वाजलं तर मला वाटलं दूधवाला. आता दूधवाला काय ओटी भरणाराय होय?” असं म्हणत साळूबाई पाणी भरायला निघून गेल्या. नळाला पाणी आलेलं असताना रहस्य उकलत बसायला त्यांना सवड नव्हती.

मनकर्णाबाई गोर्डे सांगितल्या वेळेला हजर झाल्या. तीस वर्षं पोलिसात काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेली बाई. अंगानं भरभक्कम, आवाज तांब्याचं भांडं फरशीवर पडल्यासारखा. समितीनं साक्षीदार बायकांना जपायचं काम त्यांच्यावर सोपवलं होतं. त्या आल्या, ओटीपुढं उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. फडक्याचं टोक उचलून त्यांनी वास घेतला, उंबऱ्यावरच्या कुंकवाजवळ डोळे नेले.

“हं,” म्हणाल्या आणि उठल्या.

“काकासाहेबच हायेत मावशी,” सारजा म्हणाली. “बलावणं धाडलंय. गुमान ये, न्हाई तर उचलून नेऊ. मला आत्ताच्या आत्ता हे शहर सोडायचंय. मला सही नको न् काय नको.”

“कुठं जाशील?”

“कुठंबी.”

“आन तिथंबी उंबऱ्यावर नारळ आला मंग?” मनकर्णाबाईंनी तिचा दंड धरला. “हे बघ पोरी. तुह्या पत्त्याची खबर समितीतूनच फुटली. कुणी फोडली हे कळल्याबिगर पळालीस तर पुढच्या खोलीचीबी खबर फुटंल. आधी भोक शोधू, मंग बुजवू. चल माह्यासंग.”

सारजानं कोपऱ्यातल्या चपला ओढल्या. डाव्या चपलेला दोन बोटं जादा तळ होता. तिचा बाप फकिरा, त्यानं मरायच्या आधी बिडकीनच्या बाजारात मोच्यापुढं दिवसभर बसून ती शिवून घेतली होती. त्या चपलेत पाय घातला की तिचं लंगडणं निम्मं कमी व्हायचं. भीती मात्र तेवढीच राहायची.

स्कूटर गल्लीच्या बाहेर पडेपर्यंत तिनं पदराआडून चारदा मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळापाशी एक म्हातारी तेवढी बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन, खाली मान घालून.

३

समिती एका सरकारी वसतिगृहाच्या दालनात बसत होती. दहाच्या आत कामकाज सुरू होत नसे. मनकर्णाबाईंनी सारजाला परवाच्याच पडद्याआड बसवलं. पडदा म्हणजे दोरीवर टाकलेल्या वसतिगृहाच्या दोन चादरी.

“इथून हलायचं नाय. आवाज ऐकायचे,” त्या कुजबुजल्या. “चौघंजण परवा या इमारतीत तुह्या आसपास व्हते. एकेकाला बोलावते.”

पहिले आले केशव वकील. तिशीतला तरुण, समितीचा स्थानिक कारभार बघणारा. साक्षीदारांची खरी नावं आणि पत्ते ज्या लाखेनं बंद केलेल्या पाकिटांत होते, ती पाकिटं त्याच्याच कपाटात असायची. तो घसा खाकरून बोलायला लागला आणि सारजा आक्रसली. तिचा नवराही मारायच्या आधी असाच खाकरायचा.

“सात नंबरचं पाकीट?” केशव म्हणाला. “हे घ्या. लाख शाबूत आहे, माझी सही शाबूत आहे. मला तुमचा रोख कळतो, मनकर्णाबाई. साक्षीदाराची ओळख गुप्त ठेवण्याचं कलम या समितीसाठी मीच लिहिलंय. मी ते मोडीन?”

“कलम लिव्हणारेच पळवाट जाणत्यात, वकीलसाहेब.”

“हे मात्र अति होतंय...”

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजला. त्यानं उचलला. “हां काकासाहेब, बोला. नाही नाही, आज काम उरकतं. संध्याकाळी नक्की भेटतो.”

पडद्याआड सारजानं तोंडात पदराचा बोळा कोंबला. मागचं दार किती पावलांवर आहे, हे ती नजरेनं मोजू लागली.

४

मनकर्णाबाईंचा आवाज जराही हलला नाही. “कोन काकासाहेब?”

“माझे सासरे. का?”

मराठवाड्यात डोळे झाकून दगड मारला तर तो एखाद्या काकासाहेबालाच लागतो, हे मनकर्णाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी केशवच्याच फोनवरून उलट फोन लावला, दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलल्या आणि ठेवला. “सासरेच हायेत. जावयाला पुरणपोळीला बलावलंय. जा तुम्ही.”

पण सारजाची भीती गेली नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हिचं तर सगळं अंग पोळलं होतं.

दुसऱ्या आल्या अनसूयाताई, जबानी लिहून घेणाऱ्या लघुलेखिका. घरात तीन पिढ्या कारकुनीच्या. शब्दाला शब्द उतरवून घेणं हा त्यांचा धर्म. पण आज त्यांचा आवाज चिरका झाला होता.

“मी एक चूक केलीय,” त्या आल्याआल्याच म्हणाल्या. “सात नंबरची जबानी काल घरी नेली टंकायला. न्यायची नसते, माहीत आहे मला. इथं हात चालेनात माझे. तीन वेळा कागद बदलला. घरी देवापुढं बसून टंकली.”

“घरात कुणी वाचली?”

“दार लावून बसले होते. आणि वाचली असती तरी त्यात नाव कुठंय? गाव कुठंय? जिन्यावरून ढकललं एवढं आहे, काय मोडलं तेसुद्धा बाईंनी सांगितलेलं नाही.”

ते खरं होतं. पायाचं सारजानं मुद्दामच सांगितलं नव्हतं. लंगडी सून म्हटलं की पंचक्रोशीला नाव कळलं असतं.

तिसऱ्या आल्या द्वारकाबाई, वसतिगृहाच्या शिपाई. विधवा बाई, कामाला वाघीण. येताना मनकर्णाबाईंना चहा घेऊनच आल्या.

“मला काय ठावं बाई? मी परवा दिसभर चहा गाळीत व्हते. कोन बाया आल्या, कोन गेल्या, मला कुनाचं तोंडबी दिसलं न्हाई. समद्या पदर घेऊन.” मग जरा थांबून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “लेकीबाळींचं वंगाळ होऊ नये एवढंच वाटतं जिवाला.”

सारजाला भरून आलं. परवा याच बाईंनी पडद्याखालून गुळपाण्याचा पेला सरकवला होता. एवढ्या सगळ्यांत माया एकीच्याच आवाजात होती.

चौथा बद्रीनाथ रिक्षावाला. त्याच्याच रिक्षातून ती परवा आली-गेली होती.

“आपुन तर काय मॅडम, न्यायचं, आनायचं. ताईचं तोंड नाय पाह्यलं, नाव नाय विचारलं. खुदा कसम, देवा शप्पथ, जे पायजे ते.”

“कोपऱ्यावरच सोडलं ना? मी सांगितल्यापरमानं?”

बद्रीनाथनं खिशातली किल्ली चाचपली. “हां मॅडम. सोडलं.”

तो खोटं बोलत होता. परवा त्यानं सारजाला कोपऱ्यावर नव्हे, थेट साळूबाईंच्या फाटकाशी उतरवलं होतं.

५

बद्रीनाथ बाहेर गेल्याबरोबर सारजा पडद्यातून जवळजवळ कोसळलीच. “मावशी, हाच हाय! त्यानं मला दारापाशी सोडलं!”

“का सोडलं?”

“म्हणला, ताई, तुमाला चालाया तरास होतो, कशाला पायपीट...” बोलता बोलता तीच अडखळली.

“दया आली म्हून सोडलं. बोलला नाय, कारन मी टोले लावीन म्हून.” मनकर्णाबाई खाली जाजमावर फतकल मारून बसल्या. “ऱ्हाऊ दे त्याचं. आता तू परवाचा दिस मला पुन्यांदा सांग. रिक्षातून उतरलीस तिथून. एकबी गोष्ट सोडायची नाय.”

सारजा सांगू लागली. मागल्या दारी रिक्षा थांबली. तोंडावर पदर होता. दारापाशी चपला काढल्या आणि...

“काढल्या?”

“मंग? आत जाजम व्हतं मावशी, भिंतीवर देवीची तसबीर. चपला घालून कशी शिरू?”

“पुढं.”

“जबानी दिली. दोन वाजता बाहेर आले. चपला सावलीत व्हत्या. मी उन्हात काढल्या व्हत्या, आन मला आठवतंय, मनात आलं बी व्हतं की परतताना पाय पोळतील. कुनीतरी उचलून भिंतीच्या सावलीला जोडीनं ठेवल्या व्हत्या. लई बरं वाटलं जिवाला. त्या दिवसात तेवढंच एक बरं झालं.”

मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारला. चांगला खण्णकन आवाज झाला.

“तीस वर्षं पोलिसात घालवली म्या, पन अक्कल आली नाय. तुहं तोंड झाकलं, नाव झाकलं, गाव झाकलं. आन तुह्या चपला राजरोस दारात ठेवून दिल्या! काखेत कळसा न् गावाला वळसा!”

त्यांनी चौघांनाही आत बोलावलं. सारजा पुन्हा पडद्याआड गेली. मनकर्णाबाईंनी सात नंबरचं पाकीट सगळ्यांसमोर टेबलावर आपटलं, लाख फोडली आणि कागद केशवच्या हातात दिला. “वाचा पत्ता.”

“घर नंबर बारा, मुकुंदवाडी,” केशवनं वाचलं.

“हा माह्या भावाचा पत्ता हाय. सरकारी पाकिटावर माझा इस्वास नाय, म्हून मीच खोटा घातला. आज पहाटे त्या बाईच्या खऱ्या दारात कुनीतरी ओटी ठेवून गेलं. म्हंजे त्यानं पाकीट वाचलं नाय. वकीलसाहेब सुटले. अनसूयाताईंच्या कागदात ना नाव, ना पत्ता, त्या पुढच्या दारानं आल्या न् गेल्या. त्याबी सुटल्या.”

बद्रीनाथ दाराकडं सरकला. मनकर्णाबाईंनी त्याच्याकडं पाहिलंच नाही.

“आता ओटीचं. पोरीला वाटलं धमकी हाय. भ्यालेल्या मानसाला दोरीचा साप दिसतो, तिचा दोष नाय. पन मला सांगा, उचलून न्यायला येनारा मानूस जीप घेऊन येतो का नारळ घेऊन? फडकं धुतलेलं व्हतं, त्याला साबनाचा वास व्हता. उंबऱ्याला हळदीकुंकू लावलं व्हतं. वैऱ्याच्या उंबऱ्याला कुनी वाकून कुंकू लावीत नसतं. ज्यानं ठेवली त्याची माया व्हती. आन लेकीची ओटी भरून तिला सासरी कोन धाडतं?”

पडद्याआड सारजा चादरीपासून हातभर मागं सरली. भीती होती तशीच होती, पण तिचं तोंड आता दुसरीकडं वळलं होतं. इतका वेळ ती दाराबाहेरच्या माणसांना भीत होती.

“माहेर,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “मंग माहेरापातुर खबर कशी गेली? परवा या बाईची एकच वस्तू उघड्यावर व्हती. चपला. डाव्या पायाला दोन बोटं जादा तळ. बिडकीनच्या बाजारात शिवलेल्या. आख्ख्या बिडकीनला ठावं हाय की त्या कुनाच्या लेकीच्या. मागल्या दारात कुनीतरी त्या उचलल्या, वळखल्या, आन पाय पोळू नये म्हून सावलीत ठेवल्या. बद्रीनाथ, ताईला सोडून आल्यावर तुला कुनी काय इचारलं?”

“कोई नाय मॅडम... म्हंजे, द्वारकामावशीनं तेवढं इचारलं. ताईचा रुमाल ऱ्हायला, कुठं सोडलं तिला. मी म्हनलं साळूबाईंच्या फाटकापाशी. घरच्याच मानसाला काय लपवायचं?”

सगळ्यांच्या नजरा वळल्या. द्वारकाबाईंनी हातातली चहाची ताटली टेबलावर ठेवली.

“तुमचं माहेर कुठलं, द्वारकाबाई?”

६

“बिडकीन,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. “पोरीच्या आईच्या, चतुराच्या आळीतलं. फकिराभाऊनं ती चप्पल शिवून घेतली तवा मी बाजारात हुबी व्हते. चार म्हैने झाले, चतुरा लेकीसाठी अन्न गोड लागंना म्हून रडती. मला वाटलं, आईला सांगू नको तर कुनाला सांगू? म्या वाईटाला न्हाई केलं बाई. काल खबर धाडली, सांजच्या गाडीनं ती माझ्याकडं आली. पहाटे लेकीच्या गल्लीत जाऊन बसली व्हती, मघाशी इथं आली. बाहेर लिंबाखाली बसलीय.”

मारुतीच्या देवळापाशी बसलेली ती म्हातारी. सारजानं स्वतःच्या आईला ओळखलं नव्हतं. चार महिन्यांत एवढी वाळली होती ती. किंवा भीतीपुढं डोळ्यांना दिसलंच नव्हतं.

चतुराबाईंना आत आणलं तेव्हा समितीच्या अध्यक्षबाई नुकत्याच येऊन खुर्चीवर बसल्या होत्या. मनकर्णाबाईंनी लगेच विषयाला हात घातला. “आई, ओटी तुम्ही ठेवली. दार का नाय वाजवलं?”

“तोंड नव्हतं मला,” चतुराबाई म्हणाल्या. त्यांची नजर चादरींवर होती. आत कोण आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही. “म्हनलं, बघून तिला उमगंल. आपल्या पायानं बाहेर येईल. नेते म्हनलं संगं.”

“कुठं? बिडकीनला?”

“तिच्या घरी.”

“आन त्यांना सांगितलं तुम्ही? काकासाहेबांना?”

चतुराबाईंनी मान खाली घातली. “त्यांनी देवळात शपथ घेतली हाय. पोरीला बोट लावनार न्हाई म्हनून. बारा वाजता जीप घेऊन येत्यात म्हनले, तिकडं, तिच्या खोलीवर.”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. सारजा आज हट्टानं खोलीतच बसून राहिली असती तर बारा वाजता पेटी दाराला रेटून तिच्यावर बसली असती. ती पेटी काकासाहेबानं एका लाथेत सरकवली असती.

मनकर्णाबाई फोन घेऊन बाहेर गेल्या. व्हरांड्यातून त्यांचा आवाज ऐकू येत होता, कधी विनवणारा, कधी जुन्या हवालदाराचा. मग सुरू झालं थांबणं. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. पावणेबाराला चौकीतून फोन आला. साळूबाईंच्या फाटकाशी एक जीप थांबली होती. काकासाहेब आणि चार गडी. वेळेच्या आधीच आले होते. आमच्या घरची सून न्यायला आलो, असं तोंड वर करून म्हणाले. पण जीपमध्ये मागं दोर आणि काठ्या सापडल्या. पाचही जणांना चौकीत बसवलं होतं.

“सुटतील,” मनकर्णाबाई आत येऊन कोरडेपणानं म्हणाल्या. “जामीन हाय, वळख हाय. पन आजचा दिस आपला.”

चतुराबाई दोर या शब्दापाशीच थांबल्या होत्या. “दोर? दोर कशाला आनला त्यांनी?”

अध्यक्षबाईंनी अनसूयाताईंकडं पाहिलं आणि मग पडद्याकडं तोंड करून विचारलं, “क्रमांक सात, तुमची जबानी तुमच्या आईला वाचून दाखवू? तुमची हरकत असेल तर नाही.”

“वाचा,” आतून आवाज आला.

अनसूयाताई वाचू लागल्या. सासरची पहिली वर्षं, नवऱ्याचा मार, बजाजनगरची खोली. त्यांचा आवाज सरळ रेषेत चालला होता. दुसरं पान उलटलं. “नवरा घरी नसताना त्याचा थोरला भाऊ...”

“थांबा,” चतुराबाई म्हणाल्या. “पुढचं नका वाचू. मला म्हाईत हाय.”

पडद्याआड सारजानं डोळे मिटले. आईला तिनं फक्त मार सांगितला होता. हे सांगायला तिची जीभ कधी रेटलीच नव्हती. आईला कळलं तर ती मरून जाईल, असं तिला वाटायचं. तेवढ्यासाठी तिनं सहा वर्षं तोंड शिवून घेतलं होतं.

“पयल्या दिवाळीला आली तवाच कळलं मला,” चतुराबाई सांगत होत्या. “न्हाऊ घालताना पाठ बघितली. नवरा तर म्हैनाभर गावाला आला नव्हता. मंग कुनी केलं? आईला काय सांगाया लागतं? पन मी इचारलं न्हाई. म्हनलं, इचारलं तर ती सांगंल, आन तिनं सांगितलं तर मला तिला ठेवून घ्यावी लागंल. घरात दुसऱ्या दोन लेकी लग्नाच्या व्हत्या. म्या तिची ओटी भरली आन गाडीत बसवली. पुढच्या दिवाळीलाबी बसवली. पाय मोडला तवाबी म्याच बसवली.”

द्वारकाबाई तोंडात पदर धरून रडत होत्या. केशव खिडकीबाहेर बघत होता.

“हे तुम्ही लिहून द्याल?” अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं. “नाव गुप्त ठेवता येईल.”

“गुप्त कशाला? लिव्हा. चतुराबाई फकिरा, ऱ्हानार बिडकीन. आईला समदं ठावं व्हतं, असं लिव्हा.”

अनसूयाताईंनी नवा कागद घेतला. पेन्सिल चालू लागली.

मनकर्णाबाई पडद्याआड गेल्या. सारजा भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती. काकासाहेबाची भीती तिला ओळखीची होती, तिला दार होतं, कडी होती. ही नवी भीती कुठल्या दाराबाहेर ठेवायची, ते तिला कळत नव्हतं.

“भेटायचंय आईला?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

“सही कुठं करायची?” सारजा म्हणाली.

तिनं तिन्ही पानं सावकाश वाचली. प्रत्येक पानाखाली सही केली. मग ती उठली आणि मनकर्णाबाईंच्या दंडाला धरून मागल्या दाराकडं निघाली. नवी खोली कुठं, हे मनकर्णाबाईंनी तिलासुद्धा अजून सांगितलं नव्हतं. बाहेर बद्रीनाथची नव्हे, दुसरीच रिक्षा उभी होती.

चादरीपलीकडून आईचा आवाज आला, रडका, घाबरलेला, पूर्वी गाडीत बसवताना असायचा तसाच. “सारजे, कुठं चालली गं?”

सारजा थांबली.

“ते तुला न्हाई सांगनार, आई.”